मनात दहा मोजेपर्यंत

घरातलं एक माणूस बोलायचं थांबलं की बाकीचे दुप्पट बोलायला लागतात. पस्तीस वर्षं मी पुण्यातल्या घराघरांतून हे पाहिलं. मी स्पीच थेरपिस्ट. मराठीत आम्हाला वाचोपचारतज्ज्ञ म्हणतात, पण तो शब्द उच्चारायलाच आधी थेरपी घ्यावी लागेल, तेव्हा तो राहू दे. कोथरूडच्या एका सोसायटीतला वॉचमन मला 'बोलायच्या बाई' म्हणायचा. "या बोलायच्या बाई, बी विंगमधले आजोबा वाट बघतायत." माझ्या पदवीपेक्षा मला ते नाव जास्त आवडलं.

तोतरं बोलणाऱ्या मुलांना शिकवणारे पुष्कळ असतात. माझ्याकडे जास्त करून यायची ती पक्षाघाताने वाचा गेलेली मोठी माणसं. लोकांना वाटतं, यांच्या जिभेला काहीतरी झालंय. जीभ ठणठणीत असते. डोकंही ठिकाणावर असतं. आपण चष्मा कपाळावर सरकवून घरभर शोधतो ना, तसं यांचं शब्दांचं होतं. चमचा दिसतो, तो कशाला लागतो तेही कळतं, फक्त 'चमचा' हा शब्द हाती लागत नाही. आणि नातेवाईक समोर उभे राहून बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडत असतात, "आई, च-म-चा! म्हण, चमचा!"

माझं काम काय, तर चित्र दाखवायचं, "हे काय?" विचारायचं आणि गप्प बसायचं. मनात सावकाश दहा आकडे मोजायचे. शब्द यायचा असेल तर सात-आठच्या आसपास येतो. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. घरच्यांना तीनच्या पुढे थांबवत नाही, तोंडातून उत्तर सुटतंच. मी तर काही नवऱ्यांना आणि मुलांना सरळ स्वयंपाकघरात चहा करायला पाठवायचे. त्या चहापायी माझी ॲसिडिटी वाढली, पण पेशंट बोलले.

दुसरा एक नियम आमच्या शिक्षणात घोटून घेतलेला. पेशंटच्या तोंडून आपोआप जे येतं, ते धरायचं नाही. एक ते वीस आकडे, वार, आरत्या, 'अरे देवा', 'अहो', शिव्या. या गोष्टी मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात राहतात आणि आजारातही टिकतात. तोंडून आल्या तरी माणसाला शब्द सापडला असं म्हणता येत नाही, म्हणून तिथे शून्य लिहायचं. एक अत्यंत सभ्य बँक अधिकारी माझ्याकडे होते. पक्षाघातानंतर त्यांना एकच शब्द उरला आणि तो छापण्यासारखा नाही. केळं दाखवलं तरी तोच, देवाचा फोटो दाखवला तरी तोच. सून रडकुंडीला आली होती. त्यांची बायको मात्र शांतपणे म्हणाली, "एवढी वर्षं मनात दाबून ठेवला होता म्हणायचा." मी रोज त्यांच्यापुढे शून्य लिहायचे.

ही सगळी कामं मी पुठ्ठ्याच्या चित्रांवर करत असे. दोनशे चित्रं, एक कापडी पिशवी, ती स्कूटरच्या हुकाला. चित्रं माझ्या कॉलेजच्या काळातली. फोन गोल तबकडीचा, आगगाडी धुराची. एकदा कर्वे रस्त्यावर पिशवीचा बंद तुटला आणि सिग्नलला थांबलेल्या लोकांनी मला 'बदक', 'पोलीस' आणि 'वांगं' गोळा करून दिलं. त्या दिवशी ठरवलं, आता पुरे.

दुकानातला सगळ्यात स्वस्त लॅपटॉप मी घेतला. शाळेच्या मोठ्या वहीएवढा. त्याची गंमत अशी की पडदा धरून मागे मागे नेला की कीबोर्ड पाठीला जाऊन चिकटतो आणि लॅपटॉपची पाटी होते. मग बोटाने नुसता स्पर्श करायचा. विकणारा मुलगा म्हणाला, "आजी, नातवासाठी का?" मी म्हटलं, "नाही, मला अजून पोट आहे." माझा भाचा हिंजवडीत नोकरीला. त्याने तो हातात घेऊन वरखाली केला आणि म्हणाला, "मावशी, हे खेळणं आहे. याच्यात जागाच नाहीये. दोन पिक्चर टाकलेस की संपलं." "मी पिक्चर बघायला घेतलेलं नाही," मी त्याला झटकून टाकलं. त्याचं ऐकायला हवं होतं.

खेळणं म्हणा, पण माझ्या धंद्याला तेच बरोबर बसलं. महागड्या लॅपटॉपचा पंखा घरघरतो, याला पंखाच नाही, त्यामुळे पेशंटचा बारीकसा आवाजही ऐकू यायचा. पक्षाघातात वाचा जाते तेव्हा बहुतेकदा उजवा हातही जातो, आणि ही पाटी मांडीवर ठेवून डाव्या हाताच्या एका बोटाने चालवता यायची. मी टाइप करायला बसले की लॅपटॉप, पेशंटकडे दिला की पाटी. चित्रांऐवजी मी त्यांच्याच घरातल्या वस्तूंचे फोटो काढायचे. त्यांचा कप, त्यांचा कंगवा, त्यांची माणसं. कुणाच्या मदतीशिवाय, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी फोटोला आवाज जोडायला शिकले. फोटोवर बोट ठेवलं की मशीन त्याचं नाव बोलायचं. याचा मला अजून गर्व आहे.

खोडीही होत्या. पाटी जरा कलली की चित्र उलटं व्हायचं. एका किराणा दुकानदाराच्या आईने हातात घेताना पाठीमागच्या कीबोर्डला हात लावला आणि दचकून टाकूनच दिलं. त्या बाईंना शब्द सापडत नव्हते, पण तेवढं मात्र खडखडीत आलं, "अगं बाई, दात!" पहिला शब्द. मी पूर्ण मार्क दिले. मशीन चालू व्हायला इतका वेळ घ्यायचं की घरचे लोक मुकाट्याने बसून राहायला शिकले, तो फायदा वेगळाच.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते पुरुषोत्तम सर. कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर राहायचे. शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. फोनवर त्यांनी सांगितलं, "माझ्या पत्नीला बोलता येत नाही. पूर्वी येत असे." बस, एवढंच.

पत्नीचं नाव कुमुद. गोऱ्या, ठेंगण्या, डोळे हसरे. आजारापूर्वी त्या घरी बसून बारशाची झबली-टोपडी शिवायच्या. कर्वेनगरातल्या निम्म्या बाळांनी कुमुदताईंचं टोपडं घातलेलं. पक्षाघाताने उजवा हात गेला आणि सगळे शब्द गेले. एक सोडून. 'अहो'.

कंगवा दाखवला, त्या प्रेमाने म्हणाल्या, "अहो." कप दाखवला, "अहो." त्यांची मुलगी मंजिरी नाशिकला असते, तिचा फोटो दाखवला, "अहो." पाणी हवं असलं की अहो, पंखा नको असला की अहो. सर शेजारी वही घेऊन बसलेले. प्रत्येक चित्रापुढे माझ्याबरोबर तेही लाल पेनने शून्य लिहीत होते. शेवटी मी सरांचा फोटो समोर धरला. कुमुदताईंनी फोटोकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो."

सर म्हणाले, "शून्य."

मला पोचवायला ते जिन्यापर्यंत आले. कठड्याला धरून म्हणाले, "बाई, एक विचारू? चमच्याला अहो. कंगव्याला अहो. मलाही अहो. मग माझ्यात आणि चमच्यात फरक काय राहिला?"

मला हसू फुटलं आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. त्या माणसाचे डोळे भरलेले होते. बेचाळीस वर्षं ज्या एका शब्दाने बायकोने त्यांना हाक मारली, तो शब्द आजाराने घरातल्या सगळ्या वस्तूंना वाटून टाकला होता.

"ती मला ओळखते की नाही, एवढंच मला कळायला हवं," सर म्हणाले. "बाकी कंगव्याचं नाव नाही आलं तरी चालेल. मी देईन तिला कंगवा."

"ओळखतात हो, सर. नजरेत दिसतं."

"नजरेला मार्क नसतात," ते म्हणाले आणि वर गेले.

आठवड्यातून तीनदा, सकाळी अकराला मी जाऊ लागले. सरांना थांबणं जमायचं नाही. बायको ओठ हलवायला लागली की ते एखाद्या ढ मुलाला सांगावं तसं पहिलं अक्षर सांगून मोकळे. मी त्यांना चहाला पिटाळायचे. तिथूनही आवाज यायचा, "काऽऽ!" मी ओरडायचे, "सर, कॉपी पुरवू नका!" त्यानंतर मात्र ते थांबायला शिकले. शिक्षकाला 'कॉपी' हा शब्द फार लागतो.

तिसऱ्या आठवड्यात मी कात्रीचा फोटो काढला, त्यांच्याच शिवणाच्या मशीनवरची, काळ्या मुठीची. पाटी मांडीवर दिली. मनात मोजू लागले. आठवर कुमुदताईंचा डावा हात हवेत कापड कापल्यासारखा हलला आणि तोंडातून आलं, "का...त्री."

मी टाळी वाजवली. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी वहीत एक मार्क लिहिला, वही मिटली आणि म्हणाले, "छान. कात्रीला नाव मिळालं." पुढचं ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

मग शब्द हळूहळू येऊ लागले. रीळ. सुई. चहा. महिन्याभराने 'मंजिरी' आलं, तेव्हा मंजिरी नाशिकहून फोनवर हमसून रडली. सरांच्या फोटोपुढे मात्र रोज तेच. कुमुदताई फोटोकडे बघून छान हसायच्या, म्हणायच्या, "अहो," आणि आम्ही दोघं आपापल्या वहीत शून्य लिहायचो. एकदा ते सहन न होऊन मी म्हटलं, "सर, इथे अर्धा मार्क देऊ या का?" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला सातवीत गेल्यासारखं झालं. "बाई, आयुष्यभर मार्क दिलेत मी. दयेचा मार्क लांबून ओळखतो. आणि नियम तुमचाच आहे, अहो धरत नाहीत."

त्यात नाव तरी सोपं असावं! बाळ, नाना, काहीतरी. पुरुषोत्तम. धडधाकट माणूस अडखळेल. मग मी दुसरा रस्ता काढला. पाठ केलेलं टिकतं म्हणाले ना, तर उखाणा. बायको नवऱ्याचं नाव एरवी घेत नसली तरी उखाण्यात घेतेच. "लग्नात त्यांनी काय उखाणा घेतला होता, सर?" सर म्हणाले, "बँड वाजत होता. मला ऐकू आला नाही." कमाल झाली! शेवटी कुमुदताईंच्या सांगलीच्या बहिणीने फोनवर मंगळागौरीतला उखाणा सांगितला. 'कापसाच्या वातीला तुपाची जोड, पुरुषोत्तमरावांचं बोलणं कडक, पण मन मात्र गोड.' मंगळागौरीत पुरुषांना कुठला प्रवेश? त्यामुळे तोही सरांनी कधी ऐकलेला नव्हता. ऐकून ते कानापर्यंत लाल झाले.

मी चालीत सुरुवात करून दिली. "कापसाच्या..." कुमुदताईंचा चेहरा उजळला. "...वातीला तुपाची जोड," त्या सरळ म्हणाल्या. सर जागचे हलले नाहीत. त्या पुढे थांबल्या. सरांकडे पाहिलं. आणि डाव्या हाताने पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. चार-पाच वेळा केलं, दर वेळी नावाशी येऊन पदर तोंडाला. तो आजार होता की लाज, ते मला इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही सांगता आलं नाही. वहीत शून्य गेलं.

त्या दिवशी परत जाताना माझ्या डोक्यात आलं की आपण आत्तापर्यंत एक गोष्ट विचारलीच नाही. स्कूटर लावून पुन्हा दोन मजले चढले.

"सर, तुम्ही त्यांना काय हाक मारता?"

"अगं."

"नावाने?"

"नाव रेशन कार्डावर आहे की."

"म्हणजे बेचाळीस वर्षांत एकदाही नाही?"

"आमच्यात पद्धत नव्हती," ते म्हणाले.

तुमच्यात नव्हती, मग त्यांच्यात कशी असेल, हे ओठांवर आलं होतं. मी गिळलं. म्हटलं, "पुढच्या वेळी या सगळ्या फोटोंची नावं तुमच्या आवाजात भरू. घरच्या आवाजाला माणूस लवकर वळतं."

ठरल्या दिवशी, कुमुदताई आतल्या खोलीत झोपलेल्या असताना, सरांनी हजेरी घ्यावी तशी नावं म्हटली. "कात्री. रीळ. सुई. कंगवा. मंजिरी." शेवटी कुमुदताईंचा स्वतःचा फोटो होता, गुलाबी साडीतला, मांडीवर टोपड्यांचा ढीग. तिथे गाडी अडली. "कु..." म्हणून ते खाकरले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही जरा गॅलरीत जाता का?" मी गेले. आतून पाच-सहा वेळा खाकरल्याचा आवाज आला. मी तुळशीची वाळलेली पानं काढत बसले. बऱ्याच वेळाने हाक आली, "झालं." घाम पुसत होते.

रेकॉर्डिंग ऐकलं. हजेरीचा आवाज नव्हता तो. हळू, जरासा विचारल्यासारखा, "कुमुद?"

पुढच्या वेळी मी कुमुदताईंच्या मांडीवर पाटी ठेवली. त्यांनी कात्रीवर बोट ठेवलं, ऐकलं. मंजिरीवर ठेवलं, ऐकलं. मग स्वतःच्या फोटोवर ठेवलं. "कुमुद?" त्यांनी बोट उचललं आणि चटका बसल्यासारखं बघत राहिल्या. पुन्हा ठेवलं. "कुमुद?" पुन्हा. त्या दिवशी दुसरा कुठलाच धडा झाला नाही. सर आतून म्हणाले, "तुमचं मशीन अडकलं का हो?" मी म्हटलं, "नाही सर, मशीन चांगलं चाललंय."

दोन आठवडे हेच. मी आले की कुमुदताई हात पुढे करून पाटी मागायच्या, मान वाकवून कान जवळ न्यायचा आणि एकच फोटो दाबत राहायचं. मी त्यांना थांबवलं नाही. आमच्या नियमात ते बसत नव्हतं, तरी नाही.

मग एक सकाळ. सर चहा गाळत होते. मी नेहमीप्रमाणे पाटीवर रेकॉर्डिंग चालू करून ती कुमुदताईंच्या मांडीवर दिली होती, म्हणजे पुढे कसं बोलल्या ते तपासता येतं. त्यांनी फोटो दाबला. "कुमुद?" मी सवयीने मनात मोजायला लागले. सहा. सात. कुमुदताईंनी मान वर केली. मशीनकडे नाही, माझ्याकडेही नाही, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "अहो... आले."

आत भांडं आदळलं. सर गाळणं हातात घेऊनच बाहेर आले, चहा फरशीवर ठिबकत होता. "मला म्हणाली?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हालाच."

"आले म्हणाली. आले."

"हो सर."

"बाई, हे धरतात का?"

"धरतात," मी म्हटलं. कुमुदताई आम्हा दोघांकडे बघून हसत होत्या, कशाला एवढा गोंधळ घातलाय अशा चेहऱ्याने.

"रेकॉर्ड झालं ना? दुपारी ऐकेन म्हणतो."

मी पाटी उचलली. पडद्यावर एक चौकट होती. 'जागा शिल्लक नाही. रेकॉर्डिंग साठवले गेले नाही.'

आता कबुलीजबाब देते. कामाच्या मशीनमध्ये फक्त काम असायला हवं होतं. पण माझी मुलगी परदेशात, आणि तिच्या चिमुरडीने नुकतीच बडबड सुरू केलेली. रोज एक व्हिडिओ यायचा, मी तो या मशीनवर उतरवून ठेवायचे आणि दोन पेशंटच्या मधल्या वेळात सोसायटीच्या बाकावर बसून बघायचे. भरत आलंय असं मशीन आठवडाभर सांगत होतं. दर वेळी मी पुसायला घ्यायचे आणि बोट पुढे जायचं नाही. दुसऱ्यांची माणसं बोलकी करते, आपली नात बोलते ती एवढ्याशा चौकटीत, कशी पुसणार? भाचा म्हणाला होता, याच्यात जागाच नाहीये.

सरांच्या चेहऱ्याकडे पाहून मला खरं बोलवेना. "झालं," मी म्हटलं. "घरी जाऊन नीट काढून देते." घरी जाऊन रडले आणि नातीचे सगळे व्हिडिओ दुसरीकडे हलवले. दहा मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या दिवसापासून पुष्कळ जागा होती. कुमुदताई पुन्हा काही 'आले' म्हणाल्या नाहीत. दोन महिन्यांनी त्यांना दुसरा झटका आला आणि त्यातून त्या उठल्या नाहीत.

मी भेटायला गेले. सर म्हणाले, "ते रेकॉर्डिंग..." मी म्हटलं, "देते, सर. देते." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. त्यांचा एक दिवाळीचा फोन तेवढा यायचा. मी निवृत्त झाले. काम सोडल्यावर काय आठवतं विचाराल, तर ती शांतता. प्रश्न विचारल्यानंतरची. घरात टीव्ही असतो, फोन असतो, पण कुणाच्या तोंडाकडे बघत मनात आकडे मोजावेत असं कुणी समोर नाही. नात आता व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत भराभर बोलते, मला तीनपर्यंतसुद्धा मोजायला मिळत नाही. तिचे ते जुने व्हिडिओ कधी कधी लावते. आणि कर्वेनगरवरून जाताना दुसऱ्या मजल्याकडे न बघता जाते.

यंदा गणपती गेल्यावर सर स्वतःच माझ्या घरी आले. काठी आली होती, बाकी इस्त्रीचा शर्ट तोच. बसले. पाणी प्यायले. मला आता राहवेना. म्हटलं, "सर, मी तुमच्याशी खोटं बोलले. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग झालंच नव्हतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुम्ही 'देते, देते' म्हणालात तेव्हाच. चौतीस वर्षं 'वही घरी राहिली, सर' ऐकलंय मी," ते म्हणाले. "सोडा हो. मी ऐकलंय. पुरावा ज्याने ऐकलं नाही त्याला लागतो."

मग पिशवीतून त्यांनी ती वही काढली. "मी आलोय तुमची चूक दाखवायला. फेरतपासणी केली. बघा. पहिल्या आठवड्यात अहो कशाकशाला म्हटलंय? सगळ्याला. मग कात्रीचं कात्री झालं, ते वजा. रीळ वजा. चहा, मंजिरी, कंगवा वजा." त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली येत होतं. "शेवटच्या महिन्यात अहो फक्त एकाच फोटोपुढे आहे. रोज. दुसऱ्या कशालाही ती अहो म्हणालेली नाही. आणि आपण दोघं शहाणे तिथे रोज शून्य देत होतो."

माझ्याही वहीत हे सगळं होतं. मी रोज स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. कुमुदताईंनी एकेक वस्तू तिच्या तिच्या नावाने परत केली होती आणि तो एक शब्द ज्याचा त्याला ठेवला होता. सरांनी त्यांच्या फोटोपुढचं प्रत्येक शून्य खोडून लाल पेनने मार्क दिला होता, आणि खाली बेरीज करून सही.

"तुमचं बरोबर आहे, सर," मी म्हटलं.

"गणित आहे ते," ते म्हणाले. वही पिशवीत ठेवली. थोडं घुटमळले. "ते मशीन चालतं का अजून?"

"चालतं. पण फार वेळ घेतं."

"मला कुठे जायचंय?"

कपाटातून काढलं, वायर जोडली. चालू होईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसलो. पडदा मागे फिरवून पाटी केली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. फोटोंचं ते पान तसंच होतं. कात्री, रीळ, सुई. सरांचा फोटो. गुलाबी साडी, टोपड्यांचा ढीग. सरांनी चष्मा पुसला आणि त्या शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं.

"कुमुद?"

त्यांनी बोट उचललं. पुन्हा दाबलं नाही. मान जराशी कलती करून बसून राहिले. मी सवयीने मनात मोजायला लागले. दहा झाले. सर अजून थांबलेले होते.